संस्थेत सहकार्य-सॉफ्टवेअरचा यशस्वी स्वीकार : 'अल्फा' व 'झेटा' यांच्या अनुभवांच्या आधारे एक विवेचन

सारांश

संस्थेतील अनेक व्यक्तींनी एकत्रितपणे कागदपत्रे तयार करणे, नोंदी ठेवणे व माहितीची देवाणघेवाण करणे यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींना सहकार्य-सॉफ्टवेअर असे म्हणता येईल. अशी प्रणाली विकत घेणे सोपे असते, परंतु ती संस्थेच्या अंगवळणी पडणे कठीण असते. एकच सॉफ्टवेअर एका संस्थेत रुजते आणि दुसऱ्या संस्थेत जवळजवळ निरुपयोगी ठरते. यामागील कारणे दोन प्रसिद्ध अभ्यासांच्या आधारे स्पष्ट करणे आणि महाविद्यालयीन कामकाजाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ लावणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : सहकार्य-सॉफ्टवेअर, ग्रुपवेअर, संघटनात्मक संस्कृती, श्रम व लाभ, महाविद्यालयीन प्रशासन.

प्रस्तावना

आज बहुतेक महाविद्यालयांत सामायिक दस्तऐवज, सामायिक तक्ते, ऑनलाइन बैठका आणि व्हॉट्सअ‍ॅपचे गट यांचा वापर होतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यानंतर अध्यापनासाठी गूगल क्लासरूम, गूगल मीट, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांचा वापर अल्पावधीत सर्वत्र सुरू झाला. तो स्वीकार परिस्थितीने लादलेला होता. महाविद्यालये पूर्ववत सुरू झाल्यावर अनेक ठिकाणी ही साधने नावापुरती उरली. मूल्यांकनाची वेळ जवळ आली की विभागांकडून पेनड्राइव्हवर फाइली गोळा करणे, तीच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत मागवणे आणि कोणती प्रत अंतिम आहे याविषयी गोंधळ होणे, हे चित्र प्राध्यापकवर्गाला अपरिचित नाही.

यावर सर्वसाधारणपणे दोन उपाय सुचवले जातात. एक म्हणजे अधिक चांगले सॉफ्टवेअर घेणे आणि दुसरा म्हणजे वापर सक्तीचा करणारे परिपत्रक काढणे. हे दोन्ही उपाय अपुरे का ठरतात, याचे उत्तर गेल्या चार दशकांत झालेल्या संशोधनात सापडते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) सहकार्य-सॉफ्टवेअरची संकल्पना व तिचा विकास थोडक्यात मांडणे.
२) एकाच सॉफ्टवेअरच्या अपयशाचे व यशाचे प्रत्येकी एक उदाहरण अभ्यासणे.
३) स्वीकारावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करणे.
४) महाविद्यालयांसाठी व्यवहार्य सूचना करणे.

प्रस्तुत लेख दुय्यम साधनांवर आधारित असून त्यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. संकल्पना व पार्श्वभूमी

अमेरिकन अभियंता डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एक प्रात्यक्षिक दिले. दूर अंतरावरील दोन व्यक्ती एकाच पडद्यावरील मजकुरावर एकाच वेळी काम करू शकतात, हे त्यात दाखवण्यात आले. पुढे १९८४ मध्ये आयरिन ग्रीफ व पॉल कॅशमन यांनी संगणकाच्या साहाय्याने होणारे सहकार्यात्मक काम या स्वतंत्र अभ्यासक्षेत्राला नाव दिले. या क्षेत्रात संगणकतज्ज्ञांबरोबर समाजशास्त्र, मानववंशशास्त्र व व्यवस्थापनशास्त्र यांचे अभ्यासकही सहभागी झाले. म्हणजेच हा प्रश्न केवळ यंत्राचा नाही, हे आरंभापासूनच मान्य झाले होते.

१९८९ मध्ये लोटस कंपनीने 'लोटस नोट्स' हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. रे ओझी यांच्या नेतृत्वाखाली ते विकसित झाले होते. ई-मेल, सामायिक माहितीसंच आणि चर्चामंच यांचा एकत्रित उपयोग त्यात करता येत असे. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनी ताब्यात घेतली आणि २०१९ मध्ये हे सॉफ्टवेअर भारतातील एचसीएल या उद्योगसमूहाकडे आले. दरम्यान १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने शेअरपॉइंट आणले, तर २००६ नंतर गूगलच्या सामायिक दस्तऐवजांचा प्रसार झाला. साधने बदलत गेली, परंतु स्वीकाराच्या अडचणी बव्हंशी त्याच राहिल्या. म्हणूनच लोटस नोट्सच्या काळातील अभ्यास आजही उपयुक्त ठरतात.

२. 'अल्फा' : अपयशाचे उदाहरण

वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये एका मोठ्या अमेरिकन सल्लागार संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. संस्थेचे खरे नाव गुप्त ठेवून तिला 'अल्फा' असे संबोधण्यात आले. संस्थेच्या माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना लोटस नोट्सने अत्यंत प्रभावित केले होते. देशोदेशी विखुरलेल्या सल्लागारांचे ज्ञान एकत्र यावे आणि एकाने सोडवलेला प्रश्न दुसऱ्याने पुन्हा नव्याने सोडवू नये, असा त्यांचा उद्देश होता. त्यानुसार हजारो प्रती खरेदी करून त्या वेगाने बसवण्यात आल्या. उद्देश योग्य होता, निधी उपलब्ध होता आणि वरिष्ठांचा पाठिंबाही होता. तरीही अभ्यासाच्या काळात बहुसंख्य सल्लागारांनी त्याचा उपयोग फार तर ई-मेलपुरता केला.

याची कारणे ऑर्लिकोव्स्की यांनी दोन गटांत मांडली आहेत. पहिले कारण आकलनाचे होय. नवीन साधन हातात आल्यावर मनुष्य त्याचा अर्थ जुन्या साधनांच्या आधारे लावतो. सल्लागारांना तोपर्यंत वैयक्तिक वापराची सॉफ्टवेअर्स परिचित होती, त्यामुळे नोट्सकडेही त्यांनी त्याच दृष्टीने पाहिले. हे साधन नेमके कशासाठी आणले आहे, याची माहिती अनेकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. जे प्रशिक्षण झाले ते तांत्रिक स्वरूपाचे होते. कोणते बटण दाबावे हे त्यात सांगितले गेले, परंतु आपल्या दैनंदिन कामात त्यामुळे काय बदलेल याचा उलगडा झाला नाही.

दुसरे कारण संस्थेच्या रचनेत होते. सल्लागाराचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या खात्यावर लावला जात असे आणि अशा तासांवरच त्याचे मूल्यमापन होत असे. नोट्स शिकण्याचा वेळ कोणाच्या खात्यावर टाकावा, या प्रश्नाला उत्तर नव्हते. शिवाय संस्थेत 'बढती मिळवा अन्यथा बाहेर पडा' अशी रीत होती. स्वतःपाशी असलेले विशेष ज्ञान हेच बढतीचे भांडवल असल्यामुळे ते सर्वांसाठी खुले करणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे होते. माहितीची गोपनीयता व कायदेशीर जबाबदारी याविषयीही काही विभागांना चिंता वाटत होती.

या अभ्यासातील एक निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. त्याच संस्थेतील तंत्रज्ञान-साहाय्य विभागाने मात्र नोट्सचा मनापासून वापर केला. या विभागातील कर्मचारी ग्राहकांच्या तासांना बांधलेले नव्हते, परस्परांशी स्पर्धा करत नव्हते आणि एकमेकांना मदत करणे हेच त्यांचे काम होते. म्हणजे सॉफ्टवेअर तेच, संस्थाही तीच, परंतु कामाचे नियम भिन्न असल्यामुळे परिणामही भिन्न झाला.

३. 'झेटा' : यशाचे उदाहरण

ऑर्लिकोव्स्की यांनी १९९६ मध्ये 'झेटा' या टोपणनावाने आणखी एका संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही संस्था सॉफ्टवेअर तयार करणारी होती. ग्राहकांच्या तांत्रिक अडचणी दूरध्वनीवरून सोडवणाऱ्या तिच्या विभागात १९९२ पासून लोटस नोट्सवर आधारित नोंदपद्धती सुरू झाली. पूर्वीच्या पद्धतीत नोंदी अपुऱ्या व अनियमित होत्या. नव्या पद्धतीत प्रत्येक अडचण आल्याबरोबर नोंदवायची आणि ती सोडवताना केलेला प्रत्येक प्रयत्न क्रमाने लिहायचा, अशी अपेक्षा होती.

झेटाने तीन गोष्टी काळजीपूर्वक केल्या. प्रथम मर्यादित गटात प्रयोग करण्यात आला आणि त्यातील अनुभवांनुसार बदल करून नंतर संपूर्ण विभागात पद्धती लागू झाली. प्रशिक्षण प्रत्यक्ष कामाशी जोडलेले होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोंदी ठेवणे हा कामाचाच भाग मानून मूल्यमापनाच्या निकषांत त्याचा समावेश करण्यात आला. याच ठिकाणी अल्फा व झेटा यांच्यातील मूलभूत फरक दिसून येतो.

पुढील काळात योजनेत नसलेले अनेक बदल घडले. साठलेल्या नोंदींत शोध घेतला असता जुनी उत्तरे सापडतात, हे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले व त्यामुळे नोंदी नीट लिहिण्यात प्रत्येकाचा स्वार्थ निर्माण झाला. कोणती नोंद विश्वासार्ह, कोणाचे लेखन नेमके, याचे संकेत आपोआप तयार झाले. इतरांच्या अडलेल्या नोंदी वाचून, न मागताही मदत करण्याची सवय लागली. व्यवस्थापनाने कनिष्ठांनी प्रथम प्रयत्न करावा व कठीण प्रश्न ज्येष्ठांकडे सोपवावेत अशी विभागणी केली, परंतु कनिष्ठ कर्मचारी काम सोपवण्यास कचरतात असे दिसून आले. तेव्हा दोघांच्या मध्ये काम वाटून देणाऱ्या व्यक्ती नेमण्यात आल्या.

अर्थात हे यश निर्दोष नव्हते. आपले लेखन सर्वांना दिसते या जाणिवेने कर्मचारी शब्द जपून वापरू लागले. प्रणाली बंद पडली तर काम थांबू लागले. तथापि, अडचण दिसताच नियम बदलण्याची तयारी झेटामध्ये होती. ऑर्लिकोव्स्की व हॉफमन यांनी १९९७ मध्ये यावरून असे प्रतिपादन केले की, अशा बदलांची आखणी सुरुवातीलाच पूर्णपणे करता येत नाही. काही बदल अपेक्षित असतात, काही आपोआप उद्भवतात आणि काही संधी पाहून जाणीवपूर्वक करावे लागतात.

४. स्वीकारावर परिणाम करणारे घटक

अ) श्रम कोणाचे, लाभ कोणाचा? : जोनाथन ग्रुडिन यांनी १९८८ मध्ये अशी सॉफ्टवेअर्स अयशस्वी का होतात याची मीमांसा केली. सामायिक दिनदर्शिकेचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बैठकीची वेळ ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला अशी दिनदर्शिका सोयीची असते, परंतु त्यासाठी इतर प्रत्येकाला आपल्या भेटीगाठींची नोंद नियमितपणे करावी लागते. अधिक श्रम करणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा, अशी स्थिती असेल तर नोंदी हळूहळू बंद पडतात. निर्णय घेणारे बहुधा लाभार्थी गटातील असल्यामुळे हा दोष त्यांच्या लक्षात येत नाही.

आ) पुरेशी वापरकर्तासंख्या : लिन मार्कस यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, परस्परसंवादी माध्यमाचे मूल्य ते किती लोक वापरतात यावर अवलंबून असते. शब्दप्रक्रियेचे सॉफ्टवेअर एकट्यालाही उपयोगी पडते, परंतु सामायिक तक्ता निम्म्या विभागांनीच भरला तर तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. म्हणून येथे मध्यम यश क्वचितच दिसते. वापर एक तर सार्वत्रिक होतो किंवा तो ओसरत जातो.

इ) आदेश की सहकाऱ्यांचा आग्रह? : ग्रुडिन व लेसिया पेलन यांनी १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्ट व सन मायक्रोसिस्टिम्स या कंपन्यांतील सामायिक दिनदर्शिकांचा अभ्यास मांडला. पूर्वी अयशस्वी ठरलेले हे साधन तेथे रुजलेले होते. त्याचे श्रेय वरिष्ठांच्या आदेशाला नव्हते. दिनदर्शिका ई-मेलशी जोडलेली व वापरण्यास सुलभ झाली होती. त्यामुळे पुरेसे लोक ती वापरू लागले आणि उरलेल्यांना सहकाऱ्यांनीच आग्रह केला.

ई) मध्यस्थांची भूमिका : १९९५ मधील एका अभ्यासात ऑर्लिकोव्स्की, येट्स, ओकामुरा व फुजिमोतो यांनी जपानमधील एका संशोधन-प्रकल्पाचे निरीक्षण मांडले. तेथे काही अभियंत्यांचा छोटा गट चर्चाप्रणालीचे नियम ठरवणे, गरजेनुसार नवे विभाग उघडणे, निरुपयोगी विभाग बंद करणे आणि इतरांना मार्गदर्शन करणे ही कामे सातत्याने करत होता. प्रणाली बसवून देणारा तंत्रज्ञ आणि ती जिवंत ठेवणारा मध्यस्थ या दोन वेगळ्या भूमिका आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

५. महाविद्यालयीन संदर्भ

वरील घटक महाविद्यालयांना लावून पाहिले असता काही बाबी प्रकर्षाने जाणवतात.

नॅकने २०१७ मध्ये सुधारित मूल्यांकन-चौकट लागू केल्यानंतर ऑनलाइन सादर करावयाच्या परिमाणात्मक माहितीचे व पुराव्यांचे महत्त्व बरेच वाढले. ही माहिती पुरवण्याचे श्रम विभागांतील प्राध्यापकांचे असतात, परंतु तिचा दृश्य लाभ अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला व संस्थेला होतो. ग्रुडिन यांनी सांगितलेली विषमता ती हीच. त्यातही संगणकाची सवय असलेल्या तरुण अथवा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे हे काम झुकण्याची शक्यता अधिक असते. ज्याच्या मानधनाची गणना केवळ घेतलेल्या तासिकांवर होते, त्याच्यासाठी तक्ते भरण्याचा वेळ हा अल्फामधील सल्लागाराच्या वेळेसारखाच बिनखात्याचा ठरतो. हा केवळ कार्यक्षमतेचा प्रश्न नसून न्यायाचाही प्रश्न आहे.

दुसरी बाब व्हॉट्सअ‍ॅपची. तेथे वापरकर्तासंख्या आधीच पूर्ण असल्यामुळे सूचना त्वरित पोहोचतात. परंतु निरोप पोहोचवणे आणि नोंद जतन करणे ही भिन्न कार्ये आहेत. गटावर पाठवलेला अहवाल सहा महिन्यांनी शोधणे कठीण जाते आणि फाइल एखाद्याच्याच भ्रमणध्वनीत राहते.

तिसरी बाब खात्यांच्या मालकीची. सामायिक फाइली वैयक्तिक ई-मेल खात्यावरून तयार झाल्या असतील तर संबंधित प्राध्यापकाची बदली, निवृत्ती किंवा नेमणुकीची मुदत संपल्यावर संस्थेचा दस्तऐवजही त्याच्याबरोबर जातो. विनामूल्य सेवेच्या अटीही कायम राहत नाहीत. शैक्षणिक संस्थांना पूर्वी दिलेली अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेसाठी १०० टेराबाइटची सामायिक मर्यादा ठरवण्याचा निर्णय गूगलने २०२१ मध्ये जाहीर केला होता. त्यामुळे महत्त्वाच्या नोंदींची स्वतंत्र प्रत संस्थेकडे असणे आवश्यक ठरते.

चौथी बाब मराठी टंकलेखनाची आहे. मराठी विभागांत व कार्यालयांत श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या असंख्य फाइली आहेत. सामायिक दस्तऐवजात त्या उघडल्यास मराठी मजकुराऐवजी अर्थहीन अक्षरे दिसतात. त्यांत शोधही घेता येत नाही. युनिकोड हे सहकार्याचे पूर्वसाधन आहे. ते न स्वीकारता घेतलेले कोणतेही सॉफ्टवेअर मराठीतून काम करणाऱ्यांना बाहेरच ठेवील आणि सहकार्यासाठी आणलेले साधन नवी दरी निर्माण करील.

पाचवी बाब गोपनीयतेची. विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक, जात प्रमाणपत्रे, गुण अशी माहिती 'दुवा मिळालेल्या कोणालाही' दिसेल अशा तक्त्यांत ठेवणे धोक्याचे आहे. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे, याचे भान संस्थांनी ठेवले पाहिजे.

६. सूचना

१) सुरुवात साधनापासून न करता एका ठोस अडचणीपासून करावी. उदाहरणार्थ, विभागाच्या कार्यक्रमांचे अहवाल एकाच ठिकाणी एकाच नमुन्यात ठेवणे.

२) एक-दोन इच्छुक विभागांत एक सत्र प्रयोग करावा आणि त्यांच्या अनुभवांनुसार नमुने बदलावेत.

३) एकदा भरलेली माहिती पुन्हा मागवू नये. प्राध्यापकाने भरलेल्या नोंदींतून त्याचा स्वतःचा वार्षिक अहवाल व पदोन्नतीसाठी लागणारी माहिती तयार मिळाली, तर श्रम करणाऱ्यालाही लाभ होतो.

४) नोंदी ठेवण्याच्या कामाला कार्यभारात व मूल्यमापनात स्थान द्यावे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडून हे काम घ्यावयाचे असल्यास त्याचे स्वतंत्र मानधन असावे.

५) नव्या पद्धतीबरोबर जुनी पद्धत ठरावीक तारखेला बंद करावी. ऑनलाइन नोंदीबरोबर तीच नोंद कागदावरही मागितल्यास श्रम दुप्पट होऊन नवी पद्धत बदनाम होते.

६) प्रत्येक विद्याशाखेत एक मध्यस्थ प्राध्यापक नेमून त्यास या कामासाठी वेळ द्यावा. प्राचार्यांनी स्वतः त्याच प्रणालीतून बैठकांची कार्यक्रमपत्रिका व इतिवृत्त द्यावे.

७) संस्थेच्या नावाची ई-मेल खाती, युनिकोडचा सक्तीचा वापर, फाइलींना नावे देण्याचे नियम आणि प्रवेशाधिकार यांचे एक पानी धोरण मराठीतून तयार करावे.

८) प्रत्येक सत्राच्या शेवटी वापरकर्त्यांशी चर्चा करून नियमांचा फेरविचार करावा. नोंदींचा उपयोग व्यक्तींवर पाळत ठेवण्यासाठी होणार नाही, याची लेखी हमी द्यावी.

समारोप

अल्फा व झेटा या दोन्ही संस्थांकडे सॉफ्टवेअर एकच होते. अल्फाने सहकार्याचे साधन आणले, परंतु स्पर्धेला बक्षीस देणारे नियम तसेच ठेवले. झेटाने साधनाबरोबर कामाचे नियम बदलले आणि अनुभवानुसार पुन्हा पुन्हा बदलले. यावरून असे म्हणता येते की, सहकार्य-सॉफ्टवेअर संस्थेत सहकार्य निर्माण करत नाही. जेथे सहकार्याला वेळ, मान्यता व सुरक्षितता आहे, तेथे ते त्यास बळ देते. म्हणून कोणत्याही महाविद्यालयाने नवी प्रणाली घेण्यापूर्वी कोणते सॉफ्टवेअर चांगले या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्या संस्थेत माहिती इतरांना देणाऱ्याला काय मिळते? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर असेल तर साधे सामायिक तक्तेही पुरेसे ठरतील. ते नसेल तर महागडी प्रणालीही अल्फाप्रमाणे संगणकात पडून राहील.